संत्र्याच्या सालीचं जेल आणि त्यातलं प्रिझर्व्हेटिव्ह : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर

आंबिया बहाराची संत्री नागपुरात कळमन्याच्या बाजारात उतरू लागली की हिंगणा रोडवरच्या या बचत गटाचा हंगाम सुरू होतो. ज्यूस सेंटरवाल्यांकडून साली आणायच्या, गच्चीवर वाळवायच्या, दळायच्या. त्यातून उटणं होतं, फेसपॅक होतो आणि गेल्या वर्षापासून कोरफड घातलेलं फेस जेलही होतं. जेल सगळ्यात जास्त खपतं आणि तक्रारीही त्याच्याच येतात. वास बदलतो, पाणी सुटतं, एका डबीच्या झाकणाला आतून काळे ठिपके आले होते. डबीवर छापलंय : ‘शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल-फ्री, प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’.

गटाच्या अध्यक्षा आमच्या मायक्रोबायोलॉजी विभागात आल्या आणि सरळच विचारलं, “मॅडम, जेल सहा महिने टिकलं पाह्यजे, पण त्यात काही टाकायचं नाही. जमते का?”

जमत नाही, हे तिथंच सांगितलं. ज्यात पाणी आहे, रोज ज्यात बोट जातं आणि जे महिनोन्‌महिने बाथरूमच्या फळीवर राहतं, ते प्रिझर्व्हेटिव्हशिवाय सुरक्षित राहत नाही. पण नुसतं सांगून उपयोग नाही, त्यांना ते दिसायला हवं. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनींना प्रकल्प हवाच होता. आधी आहे ते जेल तपासायचं, मग प्रिझर्व्हेटिव्ह निवडायचं, मग ते खरंच काम करतं का ते बघायचं. तोवर जेलची विक्री थांबवायला गट तयार झाला. दिवाळीनंतरच्या प्रदर्शनांचे दिवस असताना त्यांनी हे मान्य केलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटला.

२१ नोव्हेंबर

गटाच्या जागेवर जाऊन जेल बनताना पाहिलं. कोरफडीची पानं उभी करून पिवळा चीक निथळून घेतात, मग सुरीनं साल काढून गर मिक्सरमधून फिरवतात आणि मलमलच्या फडक्यातून गाळतात. संत्र्याच्या सालीचा काढा वेगळा उकळतो. दुसऱ्या पातेल्यात कार्बोमर या जेल घट्ट करणाऱ्या पदार्थाची पांढरी भुकटी पाण्यावर भुरभुरून रात्रभर भिजवलेली असते. सगळं एकत्र केलं की पातळ, दुधाळ पाणी दिसतं. मग एक ताई ट्रायइथेनॉलअमाइन या अल्कलीचे थेंब टाकत घोटत जाते आणि बघता बघता चमचा उभा राहील इतकं घट्ट, पारदर्शक जेल होतं. कितीही वेळा पाहिलं तरी हे रूपांतर बघायला छानच वाटतं.

कार्बोमर आणि ट्रायइथेनॉलअमाइन दोन्ही रसायनंच आहेत आणि दोन्ही योग्य प्रमाणात चालतात. पाणीही रसायनच. म्हणजे डबीवरचा ‘केमिकल-फ्री’ हा शब्द पहिल्या दिवसापासूनच खोटा होता. गटातल्या कुणालाच तसं वाटलेलं नव्हतं, कारण बाजारातल्या प्रत्येक डबीवर तो असतोच.

माझं लक्ष पाण्यावर होतं. आरओ मशीनचं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये साठवतात आणि कॅनच्या तोटीतून घेतात. तोटीच्या आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. जंतूंनी स्वतःभोवती बनवलेला हा थर, त्याला बायोफिल्म म्हणतात. आरओनं क्लोरीनही निघून जातं, त्यामुळे साठवलेल्या आरओच्या पाण्यात काही जंतू नळाच्या ताज्या पाण्यापेक्षा सुखानं वाढतात. पाणी, सालीची पावडर, न उघडलेली डबी आणि एका काकूंनी घरी वापरलेली अर्धी डबी, असे नमुने बर्फाच्या डब्यातून लॅबला आणले.

२७ नोव्हेंबर

नमुन्यांतले जंतू वाढवायला लावलेल्या प्लेट्स वाचल्या. वापरलेल्या डबीतलं जेल हजारपट पातळ करूनही वसाहती मोजता येणार नाहीत इतक्या. न उघडलेली डबीही मर्यादेच्या कितीतरी वर. त्वचेच्या क्रीमसाठीच्या आयएस ६६०८ या आपल्या मानकात एका ग्रॅममध्ये एक हजारांपेक्षा जास्त जंतू चालत नाहीत. आयएसओ १७५१६ या आंतरराष्ट्रीय मानकातही सर्वसाधारण वस्तूंना हीच मर्यादा आहे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या आणि डोळ्यांभोवती लावायच्या वस्तूंना मात्र ती शंभरच.

आकड्यापेक्षा गंभीर गोष्ट सेट्रिमाइड अगारच्या प्लेटवर होती. निळसर हिरवा रंग अख्ख्या माध्यमात झिरपलेला, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकणारा, आणि इनक्युबेटरचं दार उघडताच येणारा पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जीवाणू. पाण्याच्या नमुन्यातही तोच. सालीच्या पावडरीत मुख्यतः बुरशी आणि बॅसिलसचे बीजाणू होते. ते उकळूनही सगळे मरत नाहीत.

धडधाकट त्वचेवर हे जेल लावलं तर बहुतेकांना काही होणार नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट लपून राहते. पण फोडलेली मुरमं, दाढीचा काप, डोळ्याची कड, नुकतं वॅक्सिंग केलेली जागा यांना स्यूडोमोनास सोडत नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत दूषित मस्कारामुळे डोळ्याच्या बुबुळावर व्रण झाल्याचे रुग्ण नोंदले गेले आणि त्यातला जंतू हाच होता. मस्काराची काडी बुबुळाला जरा खरचटली, तेवढं निमित्त पुरलं.

३ डिसेंबर

गटातल्या सगळ्या जणी लॅबमध्ये आल्या. प्लेट्स सीलबंदच दाखवल्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सगळ्यात वयस्क काकू म्हणाल्या, “म्हणजे लोणच्यात ओला चमचा गेल्यावानी झालं न हे.” अगदी तेच. त्यांच्या त्या एका वाक्यानं माझी अर्ध्या तासाची तयारी वाचली.

उटण्यात पाणीच नाही, म्हणून ते टिकतं. नुसत्या तेलाचं, मेणाचं मलम टिकतं तेही त्याच कारणानं. जंतूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. जेलमध्ये बहुतेक भाग पाणी, वर कोरफडीची साखर आणि सालीचा काढा, म्हणजे जंतूंची आयती सोय.

मग प्रश्न सुरू झाले. व्हिटॅमिन ई टाकते न आम्ही, ते नाही का पुरत? नाही. व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, जंतूंना ते काही करत नाही. त्याचा उपयोग वेगळा आहे आणि आपल्या मालात तो महत्त्वाचाही आहे : संत्र्याच्या सालीच्या तेलातलं लिमोनिन हवेत राहून ऑक्सिडाइज होतं आणि त्यातून तयार होणारे हायड्रोपेरॉक्साइड त्वचेला ॲलर्जी आणतात. तिथं व्हिटॅमिन ई हवंच.

कडुनिंब, हळद, तुळस? प्रयोगशाळेतल्या ताटलीत यांचे अर्क काही जंतूंना रोखतात हे खरं आहे. पण प्रत्येक खेपेला अर्काची ताकद वेगळी, स्यूडोमोनासवर परिणाम बेभरवशाचा, आणि पुरेल इतकं टाकायला गेलं तर जेल हिरवं-पिवळं होऊन डाग पाडेल. एका सुनेनं मोबाइलवर ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क दाखवला, ‘नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह’ म्हणून विकला जाणारा. या अर्काचा किस्सा जाणून घेण्यासारखा आहे. १९९९ मध्ये जर्मन संशोधकांनी बाजारातले असे सहा अर्क तपासले. पाचांत बेन्झेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक सापडलं. सहाव्यात कोणतंच कृत्रिम रसायन नव्हतं, आणि त्या अर्काला जंतूंवर काही परिणामही नव्हता.

निघताना अध्यक्षा म्हणाल्या, “मंग टाकू न मॅडम. पण कॅन्सरवालं नको.” पुढच्या वेळी पॅराबेनवर बोलायचं ठरलं.

९ डिसेंबर

आजचा दिवस पॅराबेनचा. हा विषय घाईत उरकण्यासारखा नाही, कारण प्रदर्शनातल्या निम्म्या गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न हाच असतो असं गटाचं म्हणणं आहे.

पॅराबेन म्हणजे पॅरा-हायड्रॉक्सिबेन्झॉइक आम्लाचे एस्टर : मिथाइल, इथाइल, प्रोपाइल, ब्युटाइल. गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून औषधं, खाद्यपदार्थ आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरात आहेत. घरातल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत मिथाइलपॅराबेन सापडेल. ब्लूबेरीसारख्या फळांतही ते निसर्गतः असतं. ते नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, असं मला म्हणायचं नाही. नैसर्गिक असणं हा सुरक्षिततेचा पुरावा नाही, हे दोन्ही बाजूंना लागू आहे.

भीतीचं मूळ २००४च्या एका ब्रिटिश अभ्यासात आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या वीस गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडले. शेजारच्या निरोगी ऊतींशी तुलना केलेली नव्हती. पॅराबेनमुळे गाठ झाली असं त्या अभ्यासानं दाखवलेलं नाही, तशी त्याची रचनाही नव्हती. पण बातमीत ‘सापडले’चं ‘झाला’ व्हायला वेळ लागला नाही, आणि ती बातमी दोन दशकांनंतरही हिंगणा रोडवर पोचते आहे.

तरी भीती पूर्ण निराधार आहे असंही मी गटाला सांगितलं नाही. पॅराबेनचा इस्ट्रोजेनसारखा क्षीण परिणाम प्रयोगशाळेत दिसतो. तो रेणूच्या साखळीबरोबर वाढतो, म्हणजे मिथाइलमध्ये सगळ्यात कमी, ब्युटाइलमध्ये जास्त. १९९८च्या एका अभ्यासात तो ब्युटाइलमध्येही शरीरातल्या इस्ट्राडायोलच्या सुमारे दहा हजार पटींनी कमी निघाला. या फरकामुळेच नियम सगळ्या पॅराबेनना एका काठीनं हाकत नाहीत. युरोपीय संघात मिथाइल आणि इथाइल प्रत्येकी ०.४ टक्क्यांपर्यंत चालतात. प्रोपाइल आणि ब्युटाइलची मर्यादा २०१४ मध्ये मिळून ०.१४ टक्क्यांवर आणली आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या वस्तूंत ते बंद केले. डेन्मार्कनं २०११ मध्येच तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या सगळ्या प्रसाधनांत या दोघांवर बंदी घातली होती. आयसोप्रोपाइल, आयसोब्युटाइल, फिनाइल, बेन्झाइल आणि पेन्टाइल पॅराबेनवरही युरोपात २०१४ मध्ये बंदी आली. त्यांच्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती कंपन्यांनी दिली नव्हती, हे कारण. युरोपच्या वैज्ञानिक समितीनं पुढे पुन्हा तपासून २०२१ मध्ये प्रोपाइल ०.१४ टक्क्यांना आणि २०२३ मध्ये मिथाइल ०.४ टक्क्यांना सुरक्षित म्हटलं.

ॲलर्जीच्या बाबतीत तर पॅराबेन फारच सौम्य. अमेरिकेतली संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांची संस्था दर वर्षी लक्ष वेधायला एक ॲलर्जीकारक पदार्थ जाहीर करते. २०१९ मध्ये तिनं पॅराबेनना ‘ॲलर्जी न करणारा’ म्हणून तो मान दिला.

माझं मत असं : आपल्या जेलमध्ये मिथाइलपॅराबेन घातलं असतं तर मी निर्धास्तपणे घरच्यांना वापरायला दिलं असतं. पण विकणारा गट आहे, आणि गिऱ्हाईक डबी उलटून हाच शब्द शोधतं. पर्याय चांगला असेल तर तो घेऊ. मात्र डबीवर ‘पॅराबेन-फ्री’ असं मिरवायचं नाही, ही माझी अट. ज्याला आपण घातक मानत नाही त्याच्या नावानं घाबरवून माल विकणं बरोबर नाही. यावर बराच वाद झाला, तो पुढे ढकलला.

१५ डिसेंबर

ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञ ताईंकडे दोन्ही विद्यार्थिनींना घेऊन गेले. त्यांच्याकडे पॅच टेस्ट चालू होत्या. पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांच्या पट्ट्या चिकटवतात, अठ्ठेचाळीस तासांनी काढून वाचतात, पुन्हा शहाण्णव तासांनी वाचतात. नागपुरात हे काम हिवाळ्यातच नीट होतं, मे महिन्यात घामानं पट्ट्या सुटतात. एका बाईंच्या पाठीवर एकाच चकतीखाली लालभडक, बारीक पुरळाचा गोल उठला होता, बाकी पाठ स्वच्छ. तो गोल मिथाइलआयसोथायझोलिनोनचा होता.

पॅराबेनची भीती पसरली तेव्हा उत्पादकांनी जे पर्याय उचलले, त्यांतला हा एक. २००५ पासून युरोपात तो स्वतंत्रपणे वापरायला परवानगी मिळाली. ओल्या वाइप्सपासून क्रीमपर्यंत सगळीकडे गेला आणि काही वर्षांतच दवाखान्यांत ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले की २०१३ मध्ये त्याच अमेरिकन संस्थेनं त्याला वर्षाचा ॲलर्जीकारक जाहीर केलं. युरोपनं पुढे लावून ठेवायच्या वस्तूंत त्यावर बंदी घातली आणि धुऊन टाकायच्या वस्तूंत फक्त ०.००१५ टक्के ठेवलं.

ही ॲलर्जी एकदा बसली की बहुधा जन्मभर राहते. मग शॅम्पू, भांड्यांचा साबण, भिंतीचा रंग, सगळंच तपासत बसावं लागतं. जुन्या, चांगल्या तपासलेल्या पदार्थाला बदनाम करून कमी तपासलेला नवा पदार्थ घाईनं आणला की काय होतं, ते त्या पाठीवर उठलेलं होतं.

२१ डिसेंबर

इतवारीत रसायनांच्या दुकानांत फिरलो. एका ठिकाणी ‘मिक्स प्रिझर्व्हेटिव्ह, कॉस्मेटिकचं’ म्हणून पांढऱ्या कॅनमध्ये सुटं मिळालं. त्यात काय आहे ते कॅनवर नाही, दुकानदारालाही सांगता येईना. “सगळेच नेतात,” एवढंच. घेतलं नाही.

दुसऱ्या दुकानात कागदपत्रांसह डीएमडीएम हायडँटोइन दाखवलं, स्वस्त आणि जोरदार. डीएमडीएम हायडँटोइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायझोलिडिनिल युरिया, क्वाटर्नियम-१५ ही मंडळी हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडून जंतू मारतात. फॉर्मल्डिहाइड श्वासावाटे कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या पहिल्या गटात आहे आणि त्वचेला ॲलर्जी आणण्यात तर नावाजलेलं. क्रीममधून सुटणारं प्रमाण अगदी थोडं असतं, नियमात बसतंही. तरी युरोपनं २०२२ मध्ये डबीवर ‘फॉर्मल्डिहाइड सोडतं’ असा इशारा छापायची पातळी ०.०५ टक्क्यांवरून ०.००१ टक्क्यावर आणली, आणि क्वाटर्नियम-१५ तर आता तिथं चालतच नाही. चेहऱ्यावर रात्रभर राहणाऱ्या जेलमध्ये मला ते नकोच.

विद्यार्थिनींना एक सवय लावली : विश्लेषण प्रमाणपत्र, बॅच नंबर आणि शुद्धता कागदावर नसेल तर कोणताही पदार्थ लॅबमध्ये आणायचा नाही.

६ जानेवारी

निवडीचं काम. बऱ्याच जणी सोडियम बेन्झोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट सुचवतात. सरबतात, जॅममध्ये असतं, ऐकायला घरगुती वाटतं. पण ही दोन्ही लवणं आम्लाच्या रूपात गेली तरच जंतूच्या आत शिरतात, आणि ते पीएचवर, म्हणजे आम्लतेच्या आकड्यावर ठरतं (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त). ज्या पीएचला निम्मा भाग आम्लाच्या रूपात असतो त्याला पीकेए म्हणतात. बेन्झॉइक आम्लाचा पीकेए ४.२, सॉर्बिकचा ४.७६. हिशेब फळ्यावर मांडला : पीएच ६ ला बेन्झोएटचा जेमतेम दीड टक्का कामाच्या रूपात उरतो, सॉर्बेटचा पाचेक टक्के. पीएच ४.८ ला तेच वीस टक्के आणि जवळपास निम्मा. म्हणजे डबीत बेन्झोएट ‘आहे’ एवढ्यानं काही ठरत नाही. पीएच साडेसहाच्या जेलमध्ये ते असून नसल्यासारखं.

आणि इथंच कार्बोमर आडवं आलं. कार्बोमर सहाच्या वरच्या पीएचला छान घट्ट होतं, आम्लाकडे नेलं की पातळ पडतं, शिवाय लवणं घातली की आणखी ढिलं. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी घरगुती जेलांचा घोटाळा हाच असणार, असं मला वाटतं : प्रिझर्व्हेटिव्ह आम्लातलं आणि जेल अल्कलीकडचं. आम्ही कार्बोमर सोडून घट्टपणासाठी झँथन गम घेतला. पीएच लॅक्टिक आम्लानं ४.८ वर आणला. त्वचेचा पृष्ठभागही साधारण इतकाच आम्ल असतो, ते बरंच. जेल पूर्वीसारखं काचेसारखं दिसत नाही, किंचित धुरकट आहे. धाकट्या सुनेचा चेहरा पडला, पण बाकीच्यांनी बोटावर चोळून पसंत केलं.

एका विद्यार्थिनीनं मोलाचा प्रश्न काढला. सालीच्या काढ्यात व्हिटॅमिन सी असणार. बेन्झोएट आणि व्हिटॅमिन सी एकत्र असले की उष्णता, उजेड आणि लोह-तांब्याच्या अंशामुळे बेन्झीन हे कर्करोगकारक रसायन तयार होऊ शकतं. शीतपेयांत ते थोड्या प्रमाणात सापडलं आणि १९९०च्या सुमारास व पुन्हा २००५-०६ मध्ये त्यावर मोठी चर्चा झाली होती. जेलमध्ये प्रमाण नगण्य राहील, धातूंना बांधून ठेवणाऱ्या इडीटीएनं आणखी कमी होईल. पण नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या दुकानात डबी कितीतरी तास तापते. इथं भीतीमागे ठरलेली रासायनिक प्रक्रिया आहे आणि पर्यायही हाताशी आहे, म्हणून बेन्झोएट वगळलं. पॅराबेनच्या बाबतीत मी वेगळी भूमिका घेतली आणि इथं वेगळी, हे विद्यार्थिनींनी लगेच दाखवून दिलं. दोन्हीकडे पुरावा काय म्हणतो तेच बघितलं, एवढंच माझं उत्तर आहे.

ठरलेलं मिश्रण : पोटॅशियम सॉर्बेट ०.३ टक्के, फिनॉक्सिइथेनॉल ०.८ टक्के, डायसोडियम इडीटीए ०.१ टक्का. सॉर्बेट बुरशी आणि यीस्टवर चांगलं. फिनॉक्सिइथेनॉल जीवाणूंवर, विशेषतः स्यूडोमोनासवर. इडीटीए स्यूडोमोनासच्या बाहेरच्या आवरणातले कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून घेतं, मग बाकीच्यांना वाट मिळते. फिनॉक्सिइथेनॉलची मर्यादा एक टक्का आहे. फ्रान्सच्या औषध नियामकानं २०१२ मध्ये लहान मुलांच्या लंगोटाच्या जागी ते टाळायला सांगितलं होतं. युरोपच्या समितीनं २०१६ मध्ये एक टक्क्यापर्यंत मुलांसह सगळ्यांना सुरक्षित म्हटलं. आम्ही तरीही डबीवर ‘तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही’ असं लिहिणार. बाळाला संत्र्याच्या सालीच्या जेलची गरजच काय?

१७ जानेवारी

चॅलेंज टेस्ट लावली, आयएसओ ११९३० च्या धर्तीवर. जेलमध्ये मुद्दाम जंतू घालायचे आणि अठ्ठावीस दिवस बघायचं. पाच जंतू, पाच वेगळ्या डब्या : स्टॅफिलोकोकस ऑरियस, ई. कोलाय, स्यूडोमोनास हे जीवाणू, कँडिडा हे यीस्ट आणि ॲस्परजिलस ब्राझिलिएन्सिस ही बुरशी. जीवाणू एका ग्रॅमला एक ते दहा लाखांच्या घरात, यीस्ट आणि बुरशी त्याच्या दहाव्या हिश्शानं. वाचताना प्रिझर्व्हेटिव्ह प्लेटवर जाऊन खोटा चांगला निकाल देऊ नये म्हणून पॉलिसॉर्बेट आणि लेसिथिनचं न्यूट्रलायझर.

तीन बॅच आहेत. अ मध्ये फक्त सॉर्बेट आणि इडीटीए, ब मध्ये पूर्ण मिश्रण. क गटाच्या आग्रहावरून : कडुनिंबाचा अर्क आणि व्हिटॅमिन ई. आग्रह रास्त होता. माझ्या शब्दावर त्यांनी सोडून द्यावं, यापेक्षा स्वतः बघावं हे उत्तम.

२४ जानेवारी

क मध्ये स्यूडोमोनास घातला त्यापेक्षा वाढलाय. अ मध्ये जीवाणू कमी झाले, पण हव्या तेवढे नाहीत. ब मध्ये तिन्ही जीवाणू हजारपटींहून जास्त घटले, कँडिडाही दहापटींहून. सातव्या दिवसाची अट पूर्ण.

३१ जानेवारी

ब स्थिर. क ची डबी आता नुसत्या डोळ्यांनी हिरवट दिसते. काकूंना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, “ते निंबाचं काहून नाही चाललं, सांगा बरं.” अर्क पाण्यात नीट मिसळत नाही, आणि त्यातल्या ज्या घटकांचा जंतूंवर असर होतो ते थेंबाथेंबानं वेगळे राहतात, जंतू मात्र पाण्यात. काकूंना पटलं.

१४ फेब्रुवारी

अठ्ठाविसावा दिवस. ब मध्ये जीवाणू आणि यीस्ट परत उठले नाहीत, ॲस्परजिलस दहापटींनी खाली. ही सगळ्यात चिवट मंडळी, तिच्यासाठी अटही तेवढीच आहे. कॉलेजच्या लॅबचा हा निकाल आमच्या अभ्यासापुरता. विक्रीसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल लागेल, नमुने तिकडे गेले.

२२ फेब्रुवारी

लेबल आणि परवाना. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला २०२०च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, घरून बनवलं तरी. स्वतःची जागा उभी करणं गटाला आत्ता झेपणार नाही, म्हणून परवाना असलेल्या उत्पादकाच्या जागेत लोन लायसन्सवर बनवायचा रस्ता धरतोय. घटकांच्या मर्यादा आयएस ४७०७ या सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांविषयीच्या आपल्या मानकाच्या दुसऱ्या भागातून ताडून घेतल्या.

मग तो राहिलेला वाद. ‘पॅराबेन-फ्री’ छापलं की खप वाढतो, असं अध्यक्षांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. मी त्यांना युरोपचं उदाहरण दिलं : तिथल्या दाव्यांविषयीच्या मार्गदर्शनात, जुलै २०१९ पासून लागू झालेल्या, ‘पॅराबेन-फ्री’ हा दावा अयोग्य धरलाय. कारण तो कायद्यानं सुरक्षित ठरलेल्या पदार्थाची बदनामी करतो. शेवटी काकूंनीच कौल दिला. “आपल्यात काय आहे ते लिहा न. काय नाही त्याची यादी कोण वाचते?” सगळे घटक नावानिशी, उतरत्या क्रमानं छापायचं ठरलं. प्रिझर्व्हेटिव्हसुद्धा, ठळक दिसतील असे.

१० मार्च

रुंद तोंडाची डबी गेली, ट्यूब आली. बोट आत जात नाही आणि हवाही कमी लागते. आरओचा कॅन काढून टाकला. पाणी दर वेळी ताजं डिस्टिल्ड, उघडल्यावर उरलेलं फेकायचं. साली वाळवून, दळून केलेली पावडर थेट काढ्यात न घालता आधी बॅचनिहाय तिच्यातले जंतू मोजायचे. चाळीस अंशांवर ठेवलेले नमुने तीन महिने बघायचे आहेत. सॉर्बेटनं रंग पिवळट होतो का, यावर लक्ष आहे.

ट्यूबच्या मागचा मजकूर गटानं स्वतः लिहिला : ‘कानामागे थोडं लावून दोन दिवस बघा. खाज, लाली आली तर वापरू नका. डोळ्यांपासून दूर ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. उघडल्यावर सहा महिन्यांत संपवा.’ उटण्याच्या पाकिटावर वेगळी ओळ आली : ‘कोरड्या चमच्यानं घ्या. पाण्यात कालवलेलं उरलं तर ठेवू नका.’

मृग बहाराच्या सालींची पहिली खेप दळून आली आहे. तिच्या प्लेट्स उद्या सकाळी लावायच्या.